दोन्ही तारा काढल्या तरी चालतंय!

आधीच दात काढू नका, हसायचं असेल तर शेवटी हसा. मी माझी फजिती सांगणार आहे, पण मान खाली घालून नाही. चांगली छाती पुढे काढून सांगणार आहे! कारण ज्या कामात माझी फजिती झाली, ते काम मी इतकं सुरेख केलं होतं की सगळ्या मंडीदीपमध्ये तसं कुणी केलं नसेल. काम वाईट असतं तर फजिती पचली तरी असती. पण काम उत्तम आणि फजितीही उत्तम, असा योग किती जणांच्या पत्रिकेत असतो, सांगा बरं?

माझं आडनाव वऱ्हाडपांडे. राजधानी हलली तेव्हा आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीच्या कपाटांबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. पण आडनावातलं वऱ्हाड काही या गावाला झेपलं नाही. बँकेत, दवाखान्यात, दूधवाल्याकडे, सगळीकडे मी आपला 'पांडेजी'. राहतो आनंद नगरात, नोकरी भोपाळबाहेर, कारखान्यांच्या मंडीदीपला, शेतीचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात. तिथली कॉम्प्युटरची सगळी यंत्रणा माझ्या विभागाकडे. विभाग म्हणजे किती माणसं? मी आणि मिश्राजी. संपला विभाग.

मिश्राजी माझ्याहून वयाने मोठे, कपाळावर गंध, कामात चोख आणि पंचांगाला मोडून काही न करणारे. अमावास्येला ते कॉम्प्युटर नुसता बंदसुद्धा करत नाहीत. म्हणतात, "जो चल रहा है, चलने दो."

तर झालं असं, की आमचे मालक जैनसाहेब यांच्या डोक्यात शिरलं की हा दोन माणसांचा विभाग ठेवायचाच कशाला? सगळं काम इंदूरच्या एका कंपनीला देऊन टाकू. आता तुम्ही भोपाळचे असाल तर तुम्हाला सांगायला नको. आमचं काम कुठेही जावं हो, पण इंदूरला? इंदूरवाले आधीच स्वच्छतेवरून, पोह्यांवरून, शेवेवरून आम्हाला ऐकवत असतात. त्यात आता आमची नोकरीही त्यांच्याकडे जाणार!

मी जैनसाहेबांना म्हटलं, "सर, एक मौका दीजिए. ऐसा सिस्टम बना दूँगा कि कभी बंद नहीं होगा."

ते म्हणाले, "बना दीजिए. मेरे सामने चलाकर दिखाइए. चल गया तो विभाग यहीं रहेगा. नहीं चला, तो इंदौर."

एवढं सरळ. चाललं तर आम्ही, नाही चाललं तर इंदूर.

आता ते सिस्टम काय होतं ते सांगतो. घाबरू नका, सोपं आहे. आमच्या कारखान्यात काही मोठे कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, आहेत. त्यांना चालवणारी प्रणाली लिनक्स, आणि एकेका सर्व्हरच्या पोटात बरीच व्हर्च्युअल मशीनं. एक पगाराचं, एक गोदामाचं, एक गेटपासचं. पोटातली मशीनं खरी नसतात पण काम खरं करतात. या सगळ्यांचा डेटा ठेवायला एक वेगळा सामाईक डबा असतो, त्याला स्टोरेज म्हणतात. सर्व्हर तारेने त्या डब्याकडे जातो, हवं ते आणतो. तार तुटली की सगळं ठप्प.

म्हणून मी काय केलं? जुन्या डब्याला एकच तार, म्हणून नवा डबा आणवला आणि प्रत्येक सर्व्हरपासून त्या नव्या डब्यापर्यंत दोन तारा टाकल्या. एक लाल, एक निळी. दोघींचे स्विच वेगळे, विजेचे प्लगसुद्धा वेगळे. एक तार गेली तर दुसरी आहेच.

पण इथे एक गंमत असते. लिनक्स तसा हुशार, पण भाबडा. दोन तारांनी डब्यातली एकच डिस्क दिसली की त्याला वाटतं, डिस्क दोन आहेत. आनंद नगरहून मंडीदीपला बायपासने गेलं तरी कारखाना तोच आणि गावातून गेलं तरी तोच. आपल्याला कळतं, लिनक्सला समजावून सांगावं लागतं की बाबा रे, घर एकच आहे, रस्ते दोन आहेत. या समजावण्याला मल्टिपाथ म्हणतात. आणि हे समजावणं मी असं केलं होतं, असं केलं होतं, की काय सांगू! शिवाय वर एक खास सोय. समजा दोन्ही रस्ते बंद झाले, तर मशीनने रडून-ओरडून जीव द्यायचा नाही. शांतपणे वाट पाहायची. रस्ता उघडला की जिथे थांबलं तिथून पुढे चालू. डिस्कला मी नावसुद्धा दिलं, 'नर्मदा'. तारांना अशा वळणाने बांधलं होतं की सर्व्हर रूममध्ये चहा द्यायला येणारासुद्धा थबकून बघायचा.

एकच काम उरलं होतं. सगळी व्हर्च्युअल मशीनं जुन्या डब्यातून उचलून या नव्या डब्यात आणायची. सोपं काम. ते मी मिश्राजींना सांगितलं आणि माझ्या खऱ्या कामाला लागलो. कोणतं खरं काम? भाषण! जैनसाहेबांपुढे मी काय बोलणार, कुठे थांबणार, कुठे हात वर करणार, याची तालीम.

सर्व्हर रूमच्या काचेच्या दारात बघून मी तालीम करत होतो, तेव्हा मिश्राजी मागून येऊन काहीतरी सांगत होते. मी काचेतल्या मला बघत म्हटलं, "हाँ हाँ, बहुत बढ़िया, मिश्राजी, जैसा आप ठीक समझें." ते समाधानाने गेले. ते नेमकं काय सांगत होते? मला काय ठाऊक! मी तेव्हा हात वर करत होतो ना.

परीक्षेचा दिवस उजाडला. जैनसाहेब आले, मागे सगळे मॅनेजर. मी भाषण केलं. एक नंबर झालं. मग म्हटलं, "सर, फीता काटने की जगह आज आप तार निकालिए."

ही कल्पना माझीच बरं का! जैनसाहेबांना जाम आवडली. गेटपासच्या मशीनचा सर्व्हर होता, त्याची लाल तार त्यांनी धरली आणि खेचली. सगळ्यांचे डोळे कॉम्प्युटरच्या पडद्याकडे. गेटवर ट्रक उभे होते आणि मी मुद्दाम सर्व्हर रूममध्ये आणून ठेवलेला प्रिंटर गेटपास छापत होता. खरर्र खरर्र... छापतच राहिला! कुठे अडलं नाही, कुठे थांबलं नाही. टाळ्या! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. खोटं नाही सांगत.

इथे हा किस्सा संपायला हवा होता. पण जैनसाहेबांना लहान मुलासारखी मजा वाटायला लागली. मी 'सर, सर' म्हणेपर्यंत त्यांनी निळी तारही खेचली!

दोन्ही रस्ते बंद! आता गेटपास थांबणार, ट्रक अडकणार, मी इंदूरच्या बसमध्ये... नाही, इंदूरचे लोक भोपाळच्या बसमध्ये. मी डोळे मिटून घेतले.

खरर्र खरर्र.

डोळे उघडले. गेटपास छापतोय! दोन्ही तारा जैनसाहेबांच्या हातात लोंबतायत आणि गेटपास छापतोय!

आता एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं? गप्प राहून आधी तपासलं असतं. पण मी शहाणा माणूस नव्हतो, मी त्या दिवशी कलावंत होतो. जैनसाहेबांनी तोंडाचा आ करून विचारलं, "पांडेजी, ये कैसे?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "सर, यही तो मेरी सेटिंग है! दोनों रास्ते बंद हो जाएँ, तो भी मशीन घबराती नहीं. इंतज़ार करती है."

"पर ये तो इंतज़ार नहीं कर रही. ये तो चल रही है!"

"सर," मी म्हटलं, "इतने आराम से इंतज़ार कर रही है कि पता ही नहीं चलता."

लोकहो, हे वाक्य मी बोललो. शुद्धीत बोललो. आणि त्यावर टाळ्या पडल्या! मग मी त्या वाट पाहण्यावर, त्यामागच्या धीरावर आणि लिनक्सच्या संयमी स्वभावावर आणखी बराच वेळ बोललो. कोपऱ्यात मिश्राजीही टाळ्या वाजवत होते. अगदी मनापासून.

दुसऱ्या दिवसापासून माझा रुबाब काय वर्णावा! कॅन्टीनवाला माझ्या ताटात जास्तीची जिलेबी टाकायला लागला. फाटकावरचा चौकीदार सलाम ठोकायचा. हिशेबवाल्या मॅडम लोकांना सांगायच्या, "अपने पांडेजी बिना तार के चला देते हैं."

घरी मंजिरीला सगळं रंगवून सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, घराच्या नळाची दोन्ही कनेक्शनं तोडली आणि तरी पाणी येतंय, तर पाणी कुठून येतंय ते आधी बघायला नको का?"

मी म्हटलं, "तुला लिनक्स कळत नाही."

"मला नाही कळत. पण तुम्हाला तरी कळतं ना? मग बघा की जाऊन."

"मंजिरी, तो माझ्या सेटिंगचा चमत्कार आहे."

तिने मेथीची एक काडी उचलून बाजूला टाकली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला त्या काडीचा अर्थ कळायला हवा होता.

इकडे जैनसाहेब स्वस्थ बसतील तर शपथ! सकाळी फिरायला जातात तिथे मंडीदीपचे बाकीचे कारखानदार भेटतात. त्यांच्यात यांनी जाहीर केलं, "हमारे यहाँ दोनों तार निकाल दो, फिर भी चलता है." कुणी म्हणालं, हो ही नहीं सकता. झालं! जैनसाहेबांच्या इज्जतीचा सवाल. त्यांनी सगळ्यांना नवरात्रात एका दुपारी बोलावलं, चहा-कचोरीसकट. आणि मुद्दाम इंदूरच्या त्या कंपनीलाही निरोप धाडला की या, बघा आणि तुमचा जुना डबा, ते कबाड़, घेऊन जा.

कारण तो जुना डबा इंदूरवाल्यांनीच कधीकाळी बसवलेला होता. माझ्या भाषणात मीच त्याला 'कबाड़' म्हणजे भंगार म्हटलं होतं. दोनदा.

इंदूरहून दिघे मॅडम आल्या. मराठी बाई, बोलणं गोड आणि नजर कसली तीक्ष्ण! मला बघून म्हणाल्या, "काय हो पांडेजी, म्हणजे तुम्ही तर वऱ्हाडपांडे ना? ऐकलं की तुमच्याकडे चमत्कार होऊन राहिला. आम्ही पण बघून घेतो."

मी म्हटलं, "बघा की. शिकायला मिळेल." असं म्हटलं मी! जीभ झडली कशी नाही?

सर्व्हर रूम गच्च भरली. जैनसाहेबांनी लाल तार खेचली. गेटपास छापतच राहिला. एक क्षणही अडला नाही. खरं सांगतो, त्या वेळी जे झालं तेच अस्सल होतं! एक रस्ता तुटला, लिनक्सने क्षणात दुसरा धरला, पोटातल्या मशीनांना पत्तासुद्धा लागला नाही. ह्यासाठीच तर मी राबलो होतो.

आणि टाळी? एकही नाही! जमलेली मंडळी कंटाळून म्हणतात कशी, "अरे वो तो ठीक है, दूसरा निकालो, दूसरा!"

जैनसाहेबांनी जादूगारासारखं सगळ्यांकडे बघितलं आणि निळी तार खेचली.

खरर्र... र्र... र.

थांबलं. अर्धा छापलेला गेटपास प्रिंटरच्या तोंडात जीभ बाहेर काढल्यासारखा अडकला. पडदा गोठला. गोदामातून फोन, पगारातून फोन. बाहेर ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

जैनसाहेबांनी माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "पांडेजी, इंतज़ार कर रही है?"

"जी सर, इंतज़ार कर रही है."

"आराम से?"

"नहीं सर," मी म्हटलं, "अब पता चल रहा है."

कारखानदार मंडळी हसत हसत कचोरीकडे वळली. मी घाम पुसत म्हणत होतो, "पर उस दिन तो चला था! मिश्राजी, आप बताइए, उस दिन चला था ना?"

मिश्राजी निरागसपणे म्हणाले, "उस दिन तो चलना ही था. उस दिन सब पुराने डिब्बे पर था."

"क्या?"

"श्राद्ध पक्ष चल रहा था ना, पांडेजी. श्राद्ध में कोई नए घर में सामान रखता है? मैंने घटस्थापना के दिन मुहूर्त देखकर सब नए डिब्बे में रखा. आपको बताया तो था, आप शीशे के सामने खड़े थे. आपने ही कहा, बहुत बढ़िया."

"तो फिर उस दिन आप ताली क्यों बजा रहे थे?"

"भाषण अच्छा था," मिश्राजी म्हणाले.

आलं लक्षात? त्या पहिल्या दिवशी जैनसाहेबांनी ज्या दोन तारा खेचल्या, त्यांच्या टोकाला माझा नवा डबा होता आणि नव्या डब्यात काहीच नव्हतं! पितृपक्ष आहे म्हणून माझ्या नर्मदेत पाण्याचा थेंब नव्हता. गेटपास छापत होता तो मागच्या तिसऱ्या तारेने, त्या जुन्या डब्यावरून. मंजिरी म्हणाली होती ना, पाणी कुठून येतंय ते बघा? टाकीतून येत होतं. इंदूरच्या टाकीतून!

दिघे मॅडमनी पदराने तोंड दाबलं, पण किती दाबणार? म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या टाळ्या आमच्या कबाडाला होत्या!"

आणि आता नवरात्रात, सगळं शुभ मुहूर्तावर माझ्या डब्यात आल्यावर, माझं सिस्टम पहिल्यांदाच खरं खरं चालू झालं होतं. आणि सगळ्या मंडीदीपच्या देखत बंद पडलं होतं.

मी पुढे होऊन दोन्ही तारा परत लावल्या. मनात म्हटलं, गेला विभाग, गेली नोकरी, आता मिश्राजींना काय तोंड दाखवू?

खरर्र.

प्रिंटरने गेटपास जिथे सोडला होता तिथून पुढे छापायला घेतला! गोदाम चालू, पगार चालू. एक आकडा इकडचा तिकडे नाही, एकही नोंद हरवली नाही. मशीनांनी खरोखरच वाट पाहिली होती. मी सांगितलं होतं तशी, शहाण्या मुलांसारखी! माझी छाती पुन्हा फुगली. मी अभिमानाने मागे वळून बघितलं. खोलीत फक्त दिघे मॅडम आणि मिश्राजी. बाकी सगळे कचोरी खात होते.

संध्याकाळी जैनसाहेबांनी आम्हाला तिघांनाही केबिनमध्ये बोलावलं. मी काही लपवलं नाही. म्हटलं, "सर, नुसत्या एका तारेची हमी मी दिली होती, ती खरी आहे. दोन्ही तारांची बढाई मारली, ती खोटी होती. ज्या दिवशी तुम्ही टाळ्या वाजवल्या, त्या दिवशी माझा डबा रिकामा होता." हे हिंदीत सांगितलं हं, आणि आवाज काही फार मोठा नव्हता.

जैनसाहेब दिघे मॅडमकडे वळले. "आप बताइए. काम कैसा है?"

मी देवाचं नाव घेतलं. ती बाई आता बदला घेणार! पण नाही हो. त्या म्हणाल्या, "सर, सच बोलूँ? तार का काम ऐसा हमारे लोग भी नहीं करते. दोनों रास्ते टूटे, फिर भी एक चीज़ नहीं गई. इनका विभाग बंद मत कीजिए."

मला तिथल्या तिथे रडू फुटायचं बाकी राहिलं. इंदूरबद्दल आजवर जे जे बोललो ते सगळं मी त्या क्षणी मनातल्या मनात परत घेतलं. पोह्यांबद्दलचं सोडून.

जैनसाहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून हातात फिरवला. मग म्हणाले, "ठीक है. विभाग यहीं रहेगा."

मिश्राजींनी हात जोडले. मी तर उठून उभाच राहिलो. जिंकलो होतो मी! भोपाळ जिंकलं होतं!

"बैठिए, पांडेजी. एक बात बताइए. उस दिन आपका डिब्बा बिलकुल खाली था?"

"जी सर."

"और आप उसकी तारीफ़ में इतनी देर बोले?"

"जी."

"और मैंने मान लिया. मैंने क्या, पूरे कारखाने ने मान लिया." त्यांनी पेपरवेट टेबलावर ठेवला. "जो आदमी खाली डिब्बा इतनी शान से बेच सकता है, वो यहाँ तारें क्यों बाँध रहा है? विभाग मिश्राजी संभालेंगे. आप सोमवार से सेल्स में बैठिए."

म्हणून हे बघा माझं नवं व्हिजिटिंग कार्ड. घ्या, तुमच्या ओळखीत कुणाला शेतीसाठी पंप हवा असेल तर सांगा. आणि माझ्या तारांना कुणी नावं ठेवायची नाहीत हं! त्या अजून तशाच आहेत, अजून चालतायत, एक गेली तर दुसरी धरते. विभाग वाचला म्हणजे वाचलाच. त्यातून गेलो तो फक्त मी.